जावयाला रंग नाही आवडला

यवतमाळात कपडा घ्यायला पैसे लागतात, परत करायला जावई लागतो. सून, सासरा किंवा पुण्यात शिकणारा पोरगा पुढे करूनही काम भागतं, पण जावयाची सर कुणालाच नाही. "जावयाले रंग नाई पटला जी," एवढं म्हटलं की मेन लाइनवरचा कितीही मुरलेला कापड दुकानदार क्षणभर नरमतो, कारण त्याचाही कुठे तरी एक जावई असतोच. ज्यांना मुलगी नाही, किंवा आहे ती अजून बालवाडीत आहे, अशा सद्गृहस्थांनीही या जिल्ह्यात जावयाच्या नावाने शर्ट परत केलेले आहेत. दुकानदार त्यांच्या घरच्या बारशाला जेवून आलेला असतो, तरी तो शंका काढत नाही. रीत म्हणजे रीत.

खरं कारण दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. शर्ट दुकानातल्या दिव्याखाली शेवाळी होता, अंगणात आणला तर मळकट निघाला. किंवा घेतानाच तो पोटावर तटतटत होता, पण काउंटरमागचा पोरगा म्हणाला, "एक नंबर दिसून रायला भाऊ, तुमच्यासाठीच शिवला जसा काही." हे ऐकून शर्ट खाली ठेवणारा माणूस वऱ्हाडात अजून जन्मायचा आहे. आता तो शर्ट परत करायचा म्हणजे त्या पोराचा शब्द त्याच्या तोंडावर परत करायचा, आणि पोरगा उद्या दत्त चौकात चहाच्या टपरीवर भेटणार असतो. त्याची आई तुमच्या आईच्या भजनी मंडळात असते. पुण्यात बरं आहे. तिथे माणसाऐवजी पाटी बोलते आणि पाटीशी कुणाचं नातं लागत नाही. पुण्याच्या दुकानदाराला पुलंनी अजरामर करून ठेवलं. आमचा दुकानदार लेखकांच्या हाती लागला नाही, कारण तो गिऱ्हाइकाचा अपमानच करत नाही. तो नुसता दुखावतो. आणि दुखावलेल्या माणसाकडून पैसे परत मागायला जे काळीज लागतं ते आमच्याकडे नाही.

म्हणून घरात पहिला तंटा होतो तो जायचं कुणी यावर. ज्याने कपडा आणला तो जात नाही, ज्याच्यासाठी आणला त्याला पाठवत नाहीत. बहुतेक घरांत नववी-दहावीतल्या पोराचा बळी जातो. तो पाच मिनिटांत पिशवीसकट परत येतो आणि निरोप सांगतो, "बाबाले पाठव म्हनते." मग बाबा उठतात. तोवर शर्टाची घडी घालायचं काम चालू झालेलं असतं. कॉलरखालचा पुठ्ठा, गळ्याजवळचं प्लास्टिकचं फुलपाखरू, बाह्यांच्या टाचण्या हे सगळं काढायला अर्धा मिनिट पुरतो. परत जागेवर बसवायला घरातली तीन पिढ्यांची माणसं लागतात. तरी एक टाचणी उरतेच, आणि ती कुठे गेली ते दोन दिवसांनी आजीच्या तळपायाला कळतं. पिशवी दुकानाचीच लागते, पण नेताना दुकानाचं नाव आतल्या बाजूला धरायचं असतं, कारण वाटेत आणखी तीन कापड दुकानं लागतात आणि त्या तिन्ही शेठजींना आपण "पुढच्या बारीले तुमच्याकडूनच" असं सांगून ठेवलेलं असतं.

वेळेचंही शास्त्र आहे. सकाळी जाता येत नाही, कारण भवानी व्हायची असते. पहिला गिऱ्हाईक पैसे द्यायच्या ऐवजी मागायला आला तर दुकानदाराचा अख्खा दिवस नासतो, अशी श्रद्धा आहे, आणि ती दुकानदारापेक्षा गिऱ्हाइकाच्या मनात घट्ट आहे. मी एका गृहस्थांना समोरच्या फुटपाथवर पिशवी घेऊन ताटकळताना पाहिलं आहे. दुकानात कुणी तरी एखादा हातरुमाल तरी विकत घ्यावा, मग आत शिरू, या आशेवर. शेवटी त्यांनी स्वतःच जाऊन एक हातरुमाल घेतला, पैसे दिले, भवानी करून दिली आणि मग पिशवी पुढे केली. संध्याकाळी गर्दी असते, तेव्हा चारचौघांत शोभा. लग्नसराईत बस्ते बांधण्याची धांदल असते. साठ-साठ साड्या, टोप्या-दुपट्ट्यांचे गठ्ठे, गादीवर बसलेली दोन्हीकडची बायामाणसं, त्यांत तुमच्या एका शर्टाला कोण विचारतो? नवरात्रात तर नावच काढू नये. यवतमाळचा दुर्गोत्सव पाहायला गावोगावहून माणसं लोटतात आणि त्या नऊ दिवसांत दुकानदाराला देवीखेरीज कुणी दिसत नाही. उरता उरते दुपारची दोन ते चारची वेळ. बऱ्याच दुकानांनी "बदलण्याची वेळ" म्हणून नेमकी हीच लिहून ठेवलेली असते. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर असताना, डोक्याला दुपट्टा गुंडाळून जो माणूस शर्ट बदलायला येईल त्याची तक्रार खरीच असणार, असा त्यामागचा हिशेब असावा.

आत गेल्यावर आधी शर्टाचा विषय काढायचाच नसतो. "काय म्हनते पानी-पाऊस" इथून सुरुवात होते. घेताना "थंडा सांगू का?" विचारणारा पोरगा आता पंख्याकडे पाहत असतो. पिशवी काउंटरवर ठेवली तरी तो तिच्याकडे पाहत नाही; तीच आपण होऊन बोलेल अशी वाट पाहतो. मग तुम्ही जावई काढता. पोरगा शेठजींकडे पाहतो, शेठजी गल्ल्याकडे. गल्ल्याकडे पाहिल्यावर शेठजी विचारतात, "घालून पाहिला का?"

या प्रश्नाला सुरक्षित उत्तर नाही. "हो" म्हणावं तर वापरलेला माल. "नाही" म्हणावं तर मग आवडला नाही ते कळलं कसं? तुम्ही "नुसता अंगाले लावून पाहिला" असं काही तरी पुटपुटता. त्यावर शर्टाची तपासणी होते. कॉलरची आतली कड पाहतात, बगलेचा शिवणभाग उजेडात धरतात, आणि एकदा कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने नाकाजवळ नेतात. नवरत्न तेल, टाल्कम पावडर आणि घाम यांतला फरक आमच्याकडचे जुने सेल्समन डोळे मिटून सांगू शकतात. आमच्या ओळखीचे एक निवृत्त लिपिक "टॅगही तोडला नाई, पाहा," असं छातीवर हात ठेवून सांगत होते. सेल्समनने शांतपणे पॅन्टच्या खिशात बोटं घातली आणि खर्र्याची रिकामी पन्नी बाहेर काढून काउंटरवर ठेवली. दुकानात कुणी काही बोललं नाही. लिपिकांनी पन्नी उचलली, नीट पाहिली आणि म्हणाले, "जावयाची असन."

दुकानातल्या कापडाचे गुणधर्म हा एक वेगळाच अभ्यासाचा विषय आहे. शर्ट मोठा होत असेल तर तो एका धुण्यात आटतो. लहान होत असेल तर चार वेळा घातल्यावर सैल होतो. दोन्ही शर्ट एकाच थानातले असले तरी ज्याने त्याने आपापल्या गिऱ्हाइकाच्या पोटाप्रमाणे वागायचं असतं. रंग फिका वाटला तर तो डोळ्यांना थंड असतो. भडक वाटला तर उतरून बरोबर येतो. लहान मुलांच्या बाबतीत तर प्रश्नच मिटला. जूनअखेरीस विदर्भातल्या शाळा उघडतात तेव्हा जिल्ह्यातली निम्मी पोरं आपल्या थोरल्या भावांच्या मापाचे गणवेश घालून प्रार्थनेला उभी असतात. "वाढतं अंग आहे," या तीन शब्दांपुढे कोणताही बाप हरतो. पोरगा वाढत नाही असं तो दुकानात कसं म्हणणार?

शेठजी शेवटी उदार होतात. "पैसे परत नाई भेटनार, बदलून घ्या," म्हणतात. इथून खरी कसोटी लागते, कारण बदलून घ्यायला त्या किमतीचं, त्या मापाचं आणि आवडेल असं काहीच नसतं. सातशे रुपयांच्या शर्टावर तीनशे भरून हजाराचा घ्यावा लागतो, तो रंगाने पहिल्याचा सख्खा भाऊ असतो. नाही तर साडेपाचशेचा घेऊन उरलेल्या दीडशेत बनियन, हातरुमाल, पायमोजे असा बाजार करावा लागतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या घराघरांत 90 नंबरच्या बनियनांचा जो साठा आहे तो असा जमलेला आहे. काही दुकानांत उरलेल्या रकमेची चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी पाकिटात राहते, पाकीट जीर्ण होतं, शाई पुसते, मग एक दिवस शेठजींच्या मुलाचं लग्न येतं आणि आपण तेवढ्या रकमेचा आहेर मनातल्या मनात वळता करून टाकतो.

या सगळ्यात मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ज्या जिल्ह्यात शर्ट परत करताना माणसाची जीभ टाळ्याला चिकटते, तो जिल्हा कापसाचा आहे. इथला शेतकरी कापसाची गाडी घेऊन बाजार समितीत किंवा जिनिंगवर जातो तेव्हा घेणारा माणूस गाडीत कोपरापर्यंत हात घालून तळातला कापूस उपसतो. बोंडाची कवडी शोधतो, धागा ओढून लांबी पाहतो, ओलावा मोजायचं यंत्र खुपसतो. सरकारी खरेदीत ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यावर कटती, आणि बारा टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत. परत म्हणजे परत. तिथे भवानीही आड येत नाही आणि जावईही लागत नाही. वणीला रंगनाथस्वामींच्या जत्रेत बैल घेणारा माणूस आधी दात मोजतो, चालवून पाहतो, शेपटी पिरगाळतो, आणि एवढं करून "नाई जमत" म्हणत हात झटकून पुढच्या जोडीकडे जातो. बैलाला वाईट वाटेल का, हा विचार त्याच्या मनात येत नाही. तोच माणूस बाराशे रुपयांची पॅन्ट घेताना साखळी वरखाली करून पाहत नाही. पाहिली तर "भरवसा नाई का भाऊ?" असं कुणी म्हणेल याची धास्ती.

तसा इथल्या कापसाला जाऊन परत येण्याचा सराव जुना आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही 113 किलोमीटरची अरुंद रुळांची शकुंतला रेल्वे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घातली गेली ती मुळी कापूस वाहून न्यायलाच. मूर्तिजापूरहून मुंबई, मुंबईहून मँचेस्टर, आणि तिथून तोच कापूस कापड होऊन आमच्याच बाजारात, चौपट भावाने. ते कापड परत करायची सोय नव्हती. म्हणून 1905 साली पुण्यात त्याची होळी करण्यात आली; बिलाची, मुदतीची आणि टॅगची भानगडच मिटली. आता लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडचा डेनिमचा कारखाना आहे, म्हणजे कापूस आमचा, डेनिमही आमच्या दारात विणलं जातं. तरी जीन्स घ्यायला गेलं की सेल्समन खालच्या आवाजात सांगतो, "बाहेरचा माल आहे भाऊ."

कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे, हे इथे सांगून टाकायला हवं. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे, जो 20 जुलै 2020 पासून लागू झाला, सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत छापली असेल तर तेवढ्या दिवसांत, छापली नसेल तर 30 दिवसांत दुकानदाराने माल घेऊन पैसे द्यायचे. बिल न देणं हीसुद्धा त्याच यादीतली गोष्ट. ग्राहक चळवळ मराठी माणसानेच उभी केली; बिंदुमाधव जोशींनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायत काढली, पुढे 1986चा कायदा झाला आणि त्याच्या स्मरणार्थ 24 डिसेंबरला आपण राष्ट्रीय ग्राहक दिन पाळतो. तक्रारीला 1915 हा नंबर आहे. आमच्या भागातले एक निवृत्त गुरुजी ही सगळी माहिती पाठ करून, कात्रण खिशात घालून दुकानात गेले होते. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या पाटीखाली उभं राहून त्यांनी कलमासकट व्याख्यान दिलं. शेठजींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग हात जोडून म्हणाले, "सर, तुमी मले सातवीत इतिहास शिकवला. दोष काय आहे तेवढं सांगा, आत्ता पैसे देतो." दोष असा होता की गुरुजींच्या सौभाग्यवतींना तो पांढरा चौकडा पाहून गुरुजींचे वडील आठवत होते. हा दोष कायद्यात बसत नाही. गुरुजींनी कात्रण घडी करून परत खिशात ठेवलं आणि दोघांनी चहा घेतला.

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिकडे नाताळ आटोपला की दुसऱ्या दिवशी दुकानांत परत करणाऱ्यांच्या रांगा लागतात आणि पैसे निमूट खात्यात जमा होतात, हे तिने सांगितलं तेव्हा घरात कुणाचा विश्वास बसला नाही. गेल्या खेपेला ती आली आणि घेतलेला कुर्ता दुसऱ्या दिवशी परत करायला निघाली. सोबत मी. तिने पिशवी सरळ धरली होती, नाव बाहेर. काउंटरवर कुर्ता ठेवला आणि म्हणाली, "मला हा आवडला नाही. परत करायचाय."

एवढंच. पाणी-पाऊस नाही, जावई नाही. पोराच्या हातातली मोजपट्टी तशीच राहिली. साड्या पाहत बसलेल्या दोघी बायांनी मान वळवली. पोराने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, ही मुलगी बरी आहे ना, अशा नजरेने. मग त्याने तिलाच कारण सुचवायला सुरुवात केली. "माप नसन झालं, ताई?" "माप बरोबर आहे." "रंग जाते का?" "नाही." "घरच्यायले नाई आवडला का?" "घरच्यांना आवडला. मला नाही आवडला." आता पोरगा खरोखर हवालदिल झाला. आवडला नाही हे कारण त्याच्या अख्ख्या नोकरीत त्याला कुणी दिलं नव्हतं, आणि त्यावर काय करायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शेठजी उठून आले. त्यांनी कुर्ता पाहिला नाही, भाचीला पाहिलं. "कोनाची पोरगी तू?" तिने आईचं नाव सांगितलं. "माहेर आर्णीचं ना? मंग तुह्या आजोबाचं लग्नाचं धोतर आमच्या बाबानं देल्लं होतं." त्यानंतर चहा आला. आजोबा, आर्णीचा वाडा, गेल्या साली गेलेली मावशी, अमेरिकेत थंडी किती, असा तासभर गेला. पैसे परत मिळाले का? मिळाले असते. शेठजी गल्ला उघडून बसले होते. पण भाचीलाच ते घेववेनात. आम्ही बाहेर पडलो तेव्हा तिच्या पिशवीत तो कुर्ता होता, दुसरा एक कुर्ता होता आणि आईसाठी सुती पातळ होतं, ज्याचे शेठजींनी पैसे घेतले नाहीत, म्हणून तिने त्यांच्या नातीसाठी एक फ्रॉक विकत घेऊन तिथेच देऊन टाकला.

आहेराच्या कपड्यांना ही कटकट नाही. आहेरात आलेली साडी दुकानात कुणी परत करत नाही. ती पुढच्या लग्नात परत जाते. देण्याघेण्याच्या साड्या म्हणून जो एक स्वतंत्र माल निघतो, तो नेसण्यासाठी नसतोच. दारव्ह्यात घेतलेली साडी दिग्रस, पुसद, उमरखेड करत वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा दारव्ह्यात येते, खोक्यातली घडी न मोडता. हुशार बाया आतल्या कडेला पेनाने बारीक खूण करून ठेवतात, म्हणजे ज्या घरातून आली त्याच घरात चुकून जाऊ नये. तरीही कधी तरी जातेच, आणि घेणारी बाई खूण ओळखते, हसते आणि "किती छान रंग आहे," म्हणते.

आता मोबाइलवरून कपडे येतात, आणि परत करायला बोटाने एक टिचकी पुरते. घाटंजीला आमच्या काकू याच्या फार आहारी गेल्या आहेत. कारणांची यादी समोर येते, एकावर बोट ठेवायचं. कंपनीला ना जावई माहीत, ना आजोबाचं धोतर. पण साडी न्यायला पोरगा घरीच येतो. परवा तो आला तेव्हा काकूंनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि साडी का पटली नाही ते सुरुवातीपासून सांगायला घेतलं. काठ फोटोत रुंद होता, पदर असा, पोत तसा. पोरगा मोबाइल पुढे करून म्हणत होता, "काकू, फक्त ओटीपी सांगा." काकूंनी विचारलं, "कोन्त्या गावचा तू?" गाव त्यांच्या माहेराशेजारचं निघालं. बापाचं नावही ओळखीचं. मग काकूंचा चेहरा पडला.

"राहू दे मंग बाप्पा. एवढ्या उन्हात आला तू, आन तुले रिकामं काम. नेसीन मी हे."

"अवो काकू, तसं नाई," पोरगा घाईने म्हणाला. "मले परत न्यायचेबी पैसे भेटते. जेवढे पार्सल तेवढे पैसे."

काकू आत गेल्या आणि कपाटातून आणखी एक साडी घेऊन आल्या. "मंग हेबी घेऊन जाय. हे चांगली आहे, पन तुले दोन पैसे भेटतीन."

"अशी नाई नेता येत काकू. त्याची मोबाइलवर रिक्वेस्ट टाका लागते."

"मंग टाक ना तूच," म्हणत काकूंनी मोबाइल त्याच्या हातात दिला आणि चहा ठेवायला गेल्या.